काकांची करिझ्मा पुन्हा रस्त्यावर : घरच्या अंगणातील कामाच्या नोंदी

गाडी म्हणजे हिरो होंडाची करिझ्मा ही मोटरसायकल. हे मॉडेल २००३ साली आले. २२३ सीसीचे, एका सिलिंडरचे, हवेने आणि ऑइल कूलरने थंड होणारे इंजिन, पाच गिअर आणि १५ लिटरची टाकी. माझ्या काकांनी ही पिवळी गाडी मार्च २००५ मध्ये घेतली आणि घर ते सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला त्यांचा टॉवेलचा कारखाना असा पंधरा वर्षे तिचा रोजचा वापर झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले आणि पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली. कारखान्याच्या मागच्या खोलीत तेव्हा उभी केलेली गाडी पुढे कोणीच बाहेर काढली नाही.

नूतनीकरणाची मुदत २० मार्च २०२५ रोजी संपणार असल्याने त्याआधी गाडी आरटीओच्या तपासणीला नेण्याजोगी करायची, असे ठरवून मी हे काम हाती घेतले. नोकरी सांभाळून रविवार आणि संध्याकाळचे तास एवढाच वेळ माझ्याकडे होता. अशी जुनी गाडी घरी उभी करू पाहणाऱ्याला माझे चुकलेले दिवस टाळता यावेत, म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

१० नोव्हेंबर २०२४

गाडी टेम्पोने जुळे सोलापुरातल्या घरी आणली. भाडे ६०० रुपये. मीटरवर ६१,४८० किलोमीटर. दोन्ही टायर बसलेले आणि बाजूंनी तडकलेले, पुढचा ब्रेक जाम, टाकीत काळपट पेट्रोल आणि त्याला जुन्या वार्निशसारखा वास. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने टॉवेलच्या सुताचे घरटे केले होते. पांढरे, गुलाबी आणि निळे सूत इतके घट्ट वळलेले होते की ते पकडीने ओढून काढावे लागले, आणि त्यात फिल्टरच्या कागदाचे तुकडे गुंतलेले होते.

करिझ्माला किक नाही, फक्त सेल्फ आहे. त्यामुळे बॅटरी लावून बटण दाबून पाहावे असे कोणालाही वाटते, पण ते मी कटाक्षाने टाळले. पावणेपाच वर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असू शकतात आणि सेल्फचा झटका त्यांना सोसवत नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी मागचे चाक उचलून गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली व चाक हाताने सावकाश फिरवले. पहिल्या पाव फेरीला जोर लागला, मग इंजिन मोकळे फिरू लागले.

१७ नोव्हेंबर

जुने ऑइल काढून स्वस्तातले ऑइल तात्पुरते भरले, नवी बॅटरी बसवली (१,२५० रुपये) आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजले. गेज ९५ पीएसआयवर थांबला. मी इतकी खचले की बोअर करून नवा पिस्टन टाकायला काय खर्च येईल याची चौकशी त्याच संध्याकाळी केली.

रात्री चूक लक्षात आली. कॉम्प्रेशन घेताना इंजिनाला पूर्ण हवा मिळाली पाहिजे. मी थ्रॉटल न उघडताच सेल्फ मारला होता. शिवाय या गाडीच्या सीव्ही जातीच्या कार्ब्युरेटरमधली हवेची वाट उघडणारी स्लाइड इंजिनाच्या ओढीवर उचलली जाते, सेल्फच्या मंद फिरण्यावर ती वर येतच नाही. दुसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर उतरवून पुन्हा मोजले तेव्हा १४० आले. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतले, तेव्हा १५२. ऑइल टाकल्यावर आकडा फार चढला असता तर रिंगा झिजल्या आहेत असे समजले असते. तसे झाले नाही. इंजिन उघडायचे नाही असे ठरले आणि या प्रकल्पातला सर्वांत मोठा खर्च वाचला.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. मत देऊन आल्यावर टाकी घेतली. पेट्रोल कॉक आणि लेव्हलचा फ्लोट काढून त्या जागा पत्रा व रबर लावून बंद केल्या. किराणा दुकानातून आणलेले एक किलो लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरली. टाकी काठोकाठच भरावी लागते, कारण वरचा भाग कोरडा राहिला तर तिथला गंज तसाच राहतो आणि नंतर तोच सुटून कार्ब्युरेटरमध्ये येतो.

२४ तासांनी आतला पत्रा राखाडी आणि स्वच्छ दिसला, पण पुढची आखणी मी केलेली नव्हती. आमच्या भागात तेव्हा दर पाचव्या दिवशी नळाला पाणी येत होते आणि तो दिवस दोन दिवसांवर होता. साठवणीचे पाणी जपून वापरत मी टाकी दोनदाच खळबळली आणि अंगणात उन्हात उपडी ठेवली. संध्याकाळी आत टॉर्च मारला तेव्हा स्वच्छ पत्र्यावर नारिंगी गंजाचा पातळ थर पसरलेला होता. ॲसिड उरले होते आणि ओलावा हळूहळू वाळला होता. ताज्या उघड्या लोखंडाला एवढे पुरते.

२४ नोव्हेंबर

पाण्याच्या दिवशी तेच काम पुन्हा केले (आणखी २२० रुपये). या वेळी लिंबूफुलाचे पाणी काढताच खाण्याच्या सोड्याचे पाणी भरून उरलेले ॲसिड मारले, चार वेळा भरपूर पाण्याने धुतले, हेअर ड्रायरची नळी टाकीच्या तोंडात धरून ४० मिनिटे गरम हवा सोडली आणि पत्रा गरम असतानाच अर्धा लिटर पेट्रोलमध्ये थोडे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल मिसळून ते आत सगळीकडे फिरवले. ड्रायर पूर्ण बंद करून, प्लग काढून बाजूला ठेवल्याशिवाय पेट्रोलच्या बाटलीचे झाकण उघडू नये. पत्रा स्वच्छ राहिला.

टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची पेट्रोलची नळी आणि कॉकमधली रबरे त्याच वेळी बदलली. आता पंपावर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या जातीचे रबर त्यात फुगते. आपल्या जिल्ह्यात उसापासून इथेनॉल करणारे कारखाने किती आहेत ते सांगायला नको. म्हणून महिनाभर चालवायची नसेल तर गाडीत पेट्रोल उभे ठेवू नये.

१ ते १५ डिसेंबर

हे १५ दिवस सर्वांत वाईट गेले आणि यातल्या बहुतेक चुका माझ्याच होत्या, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

कार्ब्युरेटर उघडला. त्यातल्या जेटपैकी, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांच्या नळ्यांपैकी, पायलट जेटचे भोक पूर्ण बुजले होते, मेन जेट अर्धे. जेट तारेने कोरू नयेत, भोक मोठे होते, हे ठाऊक असल्याने मी कार्ब क्लीनरचा फवारा वापरला. पण तो वापरताना वरच्या झाकणाखालचा, स्लाइड उचलणारा रबरी डायफ्रॅम (पडदा) बाहेर काढला नाही. कार्ब क्लीनर त्या रबराला चालत नाही. अर्ध्या तासात डायफ्रॅमची कड फुगून लाटांसारखी झाली आणि आपल्या खाचेत बसेना. तो एका रात्रीत थोडा आटला, पण उजेडासमोर धरल्यावर घडीत टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसले. छिद्रातून ओढ सुटली की स्लाइड पूर्ण उचलली जात नाही आणि गाडी वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) मरते.

सोलापुरात नुसता डायफ्रॅम मिळेना. घाईने पुण्याहून पूर्ण नवा कार्ब्युरेटर मागवला, ४,३०० रुपये. तो बसवून सेल्फ मारला आणि गाडी चालू झाली. काका अंगणात उभे होते. पाच वर्षांनी ते इंजिन बोलले तेव्हा त्यांनी काही न बोलता टाकीच्या जागेवरच्या उघड्या फ्रेमवर हात ठेवला.

आनंद दहा मिनिटांचाच होता. गार असताना चोकवर गाडी चाले, गरम झाली की आयडल (थ्रॉटल न देता इंजिन फिरण्याचा वेग) कधी ९०० वर उतरे तर कधी हात न लावता २,५०० वर चढे, आणि थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फट्फट् आवाज होई. मी आयडलचा स्क्रू फिरवत राहिले, हवेचा स्क्रू पाव-पाव फेरी बदलत राहिले, प्लग बदलला, कॉइलच्या वायरी तपासल्या. चार संध्याकाळी यात गेल्या. नव्या कार्ब्युरेटरचे जेट या गाडीच्या जेटपेक्षा वेगळ्या क्रमांकाचे आहेत हे समजल्यावर मी जुनाच कार्ब्युरेटर वापरायचे ठरवले. डायफ्रॅम शोधून मागवला (६५०) आणि तो जुन्या बॉडीत बसवला. आयडल तरीही तसाच चढे-उतरे.

१४ तारखेला मी कपडे इस्त्री करताना वापरतात ती पाण्याच्या फवाऱ्याची बाटली घेतली आणि चालू इंजिनावर, कार्ब्युरेटर व सिलिंडर हेड यांच्यामधल्या रबरी मॅनिफोल्डवर नेमकी धार मारली. धार पडताक्षणी आयडल एकदम सुरळीत झाला, आणि पाणी ओढले गेल्यावर पुन्हा बिघडला. मॅनिफोल्ड काढून बोटांनी वाकवला तेव्हा खालच्या अंगाला, वरून कधीच न दिसणाऱ्या ठिकाणी, नखाएवढ्या लांबीच्या तीन चिरा उघडल्या. तिथून जास्तीची हवा आत जात होती आणि मी कार्ब्युरेटरला दोष देत बसले होते. नवा मॅनिफोल्ड ३८० रुपयांना मिळाला आणि बसवल्यावर आयडल १,४०० वर स्थिर झाला.

ही तपासणी पहिल्याच दिवशी, दोन मिनिटांत, फुकट झाली असती. गळती शोधण्यासाठी काही जण गरम इंजिनावर कार्ब क्लीनर मारतात. तो पेट घेतो. पाण्याने तेच काम होते.

२२ डिसेंबर

इंजिन चालते याची खात्री झाल्यावरच गाडी पूर्ण उकलली. प्रत्येक गटाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवून डब्यावर मराठीत चिठ्ठी लावली आणि सगळी वायरिंग सोडवण्याआधी १४० फोटो काढले.

मागचे चाक हलवले की ते धरणारा स्विंगआर्म आडवा डुलत होता. मी त्याच्या पिनेभोवतीचे बुश (धातूच्या आखूड नळ्या) बदलण्याच्या तयारीने स्विंगआर्म पूर्व भागातल्या एका लेथवाल्या मामांकडे नेला. ते वर्षानुवर्षे काकांच्या मागांचे रोलर आणि बुश करतात. त्यांनी पिन हातात घेतली, अंगठ्याचे नख तिच्यावरून फिरवले आणि म्हणाले, “ताई, नुसते बुश बदलून काय होणार? पिन खाल्लीय.” व्हर्नियरने मोजले तेव्हा मधल्या भागापेक्षा टोकांना पिन ०.३ मिलिमीटरने झिजलेली निघाली. पिन कंपनीची नवी आणली. बुश मिळत नव्हते, ते मामांनी गनमेटलचे करून दिले. दोन बुशांचे ५०० रुपये.

बुश बसवताना मी लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने ठोकले. ते बसले, पण बाहेरून दाबले गेल्याने आतले भोक आवळले आणि पिन जाईना. पुन्हा मामांकडे जाऊन रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) फिरवून घ्यावा लागला. बुश प्रेसने बसवून मगच आतले माप पूर्ण करतात, हे त्यांनी मला तेव्हा सांगितले. मी बुश तिथेच बसवून घेतले असते तर फेरी वाचली असती.

२९ डिसेंबर

फ्रेम, स्विंगआर्म आणि साइड स्टँड पावडर कोटिंग होऊन आले. भाव ३,८०० ठरला होता, काम गुळगुळीत होते, आणि मी फ्रेमच्या हँडलजवळच्या भागावर बोट फिरवले तेव्हा तिथे काहीच लागले नाही. चेसिस नंबर भरून गेला होता. नंबरावर भट्टीची उष्णता सोसणारी टेप लावून पाठवायला हवी होती. ती लावणे माझे काम होते आणि मी ते विसरले. कोटिंग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजले जाते, त्यामुळे ते साध्या रंगासारखे खरवडून निघत नाही. आरटीओत तपासणीच्या वेळी याच नंबराची पेन्सिलने छाप घ्यावी लागते. तिथे ग्राइंडर किंवा वायर ब्रश लावणे धोक्याचे असते, कारण एखादा अंक जरी घासला गेला तरी नंबराशी छेडछाड केल्याचा संशय येतो.

नंबराच्या चारही बाजूंना टेप लावली, पेंट रिमूव्हर कापसाच्या काडीने फक्त त्या पट्टीवर लावला, दहा मिनिटे थांबले आणि बांबूच्या टोकदार काडीने एकेका अंकाची खाच साफ केली. कोटिंग सायीसारखे सुरकुतून उचलले जाई आणि खाली जुन्या रंगाचा काळा कण लागलेला अंक दिसे. सगळे अंक मोकळे व्हायला अडीच तास लागले. मग आरसी पुस्तिका शेजारी ठेवून एकेक अंक ताडून पाहिला आणि त्या पट्टीवर फक्त ग्रीसचा पातळ हात दिला. फ्रेमच्या सर्व आट्यांतही पावडर गेली होती. त्या टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून मोकळ्या करण्यात आणखी एक संध्याकाळ गेली.

५ जानेवारी २०२५

फेअरिंग (पुढचे प्लॅस्टिकचे आवरण) आणि साइड पॅनेल. प्लॅस्टिक कोणते आहे हे भागाच्या मागे कोरलेले असते. एबीएस जातीचे असेल तर त्याच प्लॅस्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून लापशी करता येते आणि ती तडीत भरली की जोड मूळ भागाइतका पक्का होतो. मी मागून स्टीलची बारीक जाळी गरम सोल्डरिंग आयर्नने आत बसवली आणि वर ही लापशी भरली. तुटलेले दोन कान तिनेच उभे केले. मात्र पीपी (पॉलिप्रोपिलीन) असा ठसा असलेल्या भागावर ॲसिटोनचा काहीच परिणाम होत नाही. ते माहीत नसल्याने एका पॅनेलवर तासभर गेला. लापशी २४ तासांनी कडक झाल्यावर घासून लांबी (पुट्टी) भरली, पाणी लावून ३२० आणि मग ६०० च्या पॉलिश पेपरने घासले.

रंग पिवळाच ठेवला. आरसीवर पिवळा रंग नोंदलेला आहे, आणि नोंदणीच्या तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची आडकाठी आहे. याच कारणाने सायलेन्सर मूळचाच ठेवला. मोकळ्या सायलेन्सरने जेटची जुळणीही पुन्हा करावी लागली असती, आणि १५ डिसेंबरपर्यंतच्या अनुभवानंतर कार्ब्युरेटरला हात लावायची माझी तयारी नव्हती.

माझी स्वतःची भर आहे ती मागच्या पॅनेलवरची नक्षी. काकांच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, चादरीचे माग होते. त्यांचे जकार्डचे, मागावर नक्षी उतरवणारे, भोके पाडलेले पुठ्ठे अजून माळ्यावर आहेत. त्या पुठ्ठ्यातूनच काळा रंग फवारून भोकांची ओळ पॅनेलवर उतरवायची असे मी ठरवले. पहिल्या प्रयत्नात पॅनेलच्या गोलाईमुळे पुठ्ठा कडेला उचलला गेला आणि रंग खाली शिरून ठिपके पुसट झाले. मग पुठ्ठ्याची भोके ट्रेसिंग पेपरवर घेतली, स्टिकरच्या दुकानात तशीच भोके चिकट व्हिनाइलमध्ये कापून घेतली (३५० रुपये), ते व्हिनाइल पॅनेलवर चिकटवले आणि फवारा जवळून भरभरून न मारता लांबून चार हलक्या हातांनी मारला. ठिपक्यांच्या कडा नीट आल्या. वर लॅकर येणार असल्याने ते हाताला लागणार नाहीत.

१२ जानेवारी

रंगाचा शेवटचा हात आणि लॅकर मी पेंटरकडे दिले होते. टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगाच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. त्यासाठी लागणारा मास्क आणि बंद खोली माझ्याकडे नव्हती, म्हणून हे काम घरी केले नाही. पेंटर म्हणाले, “यात्रेआधी द्या, नाहीतर महिनाअखेर बघा.” संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सुरू झाली की कारागीर हाताशी मिळत नाहीत, हे सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही. ब्रेक आणि वायरिंग बाकी असतानाच मी रंग करून घेतला. काम सुंदर झाले. ५,२०० रुपये.

२६ जानेवारी

पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरचे, म्हणजे डिस्कला पॅडने आवळणाऱ्या भागाचे, पिस्टन जाम होते. कॉम्प्रेसरच्या हवेने ते बाहेर काढू नयेत, सुटले तर गोळीसारखे येतात. मी लिव्हरजवळचा, ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर जोडलेलाच ठेवून ब्रेक लिव्हर दाबत राहिले आणि ऑइलच्या दाबानेच त्यांना सावकाश बाहेर आणले. खोबणीत पांढरट क्षार साचला होता. तो साफ करून नवी सील बसवली, नवे पॅड टाकले आणि रबरी नळीच्या जागी स्टीलच्या जाळीची नळी घेतली.

यानंतर ब्रेकमधली हवा काढताना नुकसान झाले. ब्रेक ऑइलचा डबा हँडलवर, म्हणजे जवळजवळ टाकीच्या डोक्यावर असतो. लिव्हर पटकन सोडल्यामुळे उघड्या डब्यातून ऑइलची पिचकारी उडाली आणि टाकीच्या उजव्या खांद्यावर पडली. मी ती कोरड्या कापडाने पुसली आणि काम पुढे चालू ठेवले. ब्रेक ऑइल रंग खाते. ते पुसून चालत नाही, लगेच भरपूर पाणी ओतावे लागते. रात्री तिथे तळहाताएवढा भाग सुरकुतलेला आणि मऊ झालेला होता. टाकी परत पेंटरकडे गेली: १,९०० रुपये आणि ११ दिवस. ज्यात ब्रेक ऑइल, पेट्रोल किंवा ॲसिड हाताळायचे आहे ते प्रत्येक काम रंगाच्या आधी उरकावे. निदान टाकी उतरवून घरात ठेवावी. तिच्या जागी एक लिटरची पेट्रोलची वेगळी छोटी टाकी टांगूनही इंजिन नक्की चालते, आणि मी पुढचे सर्व काम तसेच केले.

२ फेब्रुवारी

वायरिंग. उंदराने तीन ठिकाणी वायरी कुरतडल्या होत्या. त्या पिळून टेप न लावता सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) घातली. त्याहून जास्त वेळ जुन्या दुरुस्त्यांनी घेतला: हॉर्नची वायर कोणीतरी फ्यूज टाळून थेट बॅटरीला जोडलेली होती.

इंजिन चालू करून ४,५०० आरपीएमवर बॅटरीच्या टोकांना मीटर लावला तेव्हा १५.७ व्होल्ट आले. १४.५ च्या वर गेले तर बॅटरी उकळते. अशा वेळी व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला असे सगळे सांगतात, आणि डिसेंबरमध्ये मीही लगेच विकत आणला असता. या वेळी आधी अर्थिंग तपासले. रेग्युलेटरची बॉडी आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यामध्येच जवळजवळ दीड व्होल्टचा फरक होता. रेग्युलेटर जिथे फ्रेमला कसला जातो तिथे पावडर कोटिंगचा थर आडवा आला होता. तेवढी जागा खरवडून लोखंड उघडे केले, बोल्ट कसला आणि वर ग्रीस लावले. व्होल्टेज १४.२.

१६ फेब्रुवारी

नवे टायर. पुढे थोडे रुंद, ९०/९०-१८ चे टायर असावे अशी इच्छा होती. ओळखीच्या दुकानातून एक चढवून पाहिले. दिसायला छान होते, पण ते उंचीलाही मोठे असल्याने पुढचा शॉकअप पूर्ण दाबल्यावर मडगार्डच्या आतल्या कडेला लागले. मूळ २.७५-१८ चेच ठेवले, मागे १००/९०-१८. शॉकअपची ऑइल सील आणि हँडलचा कोनसेट (हँडल फिरते ते बेअरिंग) याच आठवड्यात बदलले. त्यात सांगण्यासारखे काही घडले नाही.

वायझर घरी केला. लाकडी साचा करून ३ मिलिमीटरचे ॲक्रिलिक हीट गनने तापवून त्यावर वाकवले. पहिल्या शीटमध्ये बुडबुडे आले, कारण मी एकाच जागी गन धरून ठेवली. दुसऱ्या वेळी गन सतत फिरती ठेवली, शीट स्वतःच्या वजनाने झुकेपर्यंत थांबले आणि मग हातमोजे घालून दाबली. सीटचा फोम बदलून नवे रेक्झिन एका कारागिराकडून शिवून घेतले.

२ मार्च

तुळजापूरपर्यंत जाऊन आले, जाऊन-येऊन सुमारे ९० किलोमीटर. ऊन आताच चटके देणारे आहे. ताशी ७० च्या वर नेली नाही. परत आल्यावर ऑइल कूलरच्या डाव्या नळीच्या जोडाशी ऑइलचा थेंब धरलेला दिसला. ओ-रिंग जुनीच ठेवली होती. ३० रुपयांची नवी घातल्यावर थांबले. धुवून काढण्यासाठी भरलेले स्वस्त ऑइल आज काढले. गाळणीवर बारीक टॉवेलच्या सुताचा एक धागा होता, धातूचा कण एकही नव्हता. नवे ऑइल टाकले.

गार इंजिनाला टायमिंग चेनचा हलका आवाज येतो आणि अर्ध्या मिनिटात जातो. ती चेन ताणून ठेवणारा टेन्शनर पाहावा लागेल.

१३ मार्च

नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घेतली (५३१ रुपये), विमा आणि पीयूसी काढली आणि विजापूर रोडवरच्या आरटीओत गाडी नेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. दुचाकीचे शुल्क तेव्हा (मार्च २०२५) १,००० रुपये होते, पर्यावरण कर वेगळा. निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले, इंजिन नंबर ताडला आणि चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल फिरवली. सगळे अंक स्पष्ट उठले. मागच्या नक्षीकडे पाहून त्यांनी ती रंगवली आहे की स्टिकर आहे एवढे विचारले.

२३ मार्च

नोंदणी मार्च २०३० पर्यंत वाढली. घरातला एकूण खर्च कागदपत्रे धरून ४७,३०० रुपये. त्यात फुकट गेलेले असे : कार्ब्युरेटर ४,३००, टाकीचा दुसऱ्यांदा रंग १,९०० आणि लिंबूफूल २२०, मिळून ६,४२०. वेळेचा हिशेब केला तर १९ आठवड्यांपैकी पाच तरी माझ्या घाईने गेले.

आज सकाळी काका एकटेच कारखान्यापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर त्यांनी क्लच थोडा उशिरा सुटतो असे सांगितले. केबलला जास्त ढील राहिली होती; लिव्हरजवळचा ॲडजस्टर दोन फेऱ्या फिरवून ती कमी केली. मीटर ६१,७९२. पुढचे ऑइल आणि टेन्शनर ६२,५०० ला.